उताराचं पाणी, चढाचं पाणी

चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून १९११ फुटांवर आहे. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरला की त्याची पातळी १५२२ फुटांवर टेकते. हा दुसरा आकडा आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो. पहिला आकडा पायलट सोडून कुणाच्या कामाचा नाही. पण दोन्ही एकाखाली एक लिहून वजाबाकी केली की ३८९ फूट उरतात. नळाला पाणी कधी येणार या प्रश्नाची सुरुवात या ३८९ फुटांपासून होते.

घराच्या गच्चीवर असते ती हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती ३८९ फूट उचलायची तर कागदावरच्या हिशेबाने साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. प्रत्यक्षात पंप काही वीज खातो, पाइपातलं घर्षण काही खातं, म्हणून खर्च त्याहून बराच जास्त. आम्ही तसे तळ्याकाठचेच लोक. काठ पन्नासेक किलोमीटर लांब आहे आणि खाली आहे, एवढंच.

हे शहर वसलं तेव्हा मात्र पाणी वरून खाली यायचं.

मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी या गावाजवळ राजधानी वसवायला घेतली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कारभारी झालेला हा माणूस. त्याच्या लढायांबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचतो, पाण्याबद्दल एकही नाही. खडकीच्या नावातच खडक आहे. (चिकलठाण्याच्या नावात मला चिखल ऐकू येतो. हा व्युत्पत्तीचा दावा नाही, पावसाळ्यातला अनुभव आहे.) अशा जागी राजधानीला पुरेल एवढं पाणी आणायचं, तेही पंप आणि वीज नसताना.

अंबरने उत्तरेला हर्सूलच्या बाजूचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची जमीन बघितली. तिथे जमिनीखाली झिरपणारं पाणी भुयारी कालव्यात गोळा करायचं, त्या कालव्याला अगदी बेताचा उतार द्यायचा आणि बाकीचं काम गुरुत्वाकर्षणावर सोडायचं, ही त्याची योजना. हीच नहर-ए-अंबरी. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. वाटेत ठरावीक अंतरावर मनोरे आणि उसासे ठेवले, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडेल आणि माणसाला आत उतरता येईल. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून हौदांमध्ये जायचं. पुढे मुघल काळात आणि नंतरही याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद आणि पाणचक्की ही त्याच कुळातली. पाणचक्कीत तर आलेल्या पाण्याचा लोट उंचावरून पात्यांवर सोडून दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळलं जायचं.

‘बघा, चारशे वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान!’ असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. मला त्यात एक गोष्ट नेहमी गाळलेली दिसते. नहर आपोआप वाहायची, पण आपोआप टिकत नव्हती. झाडांची मुळं आत शिरतात, गाळ साचतो, खापरी नळ फुटतात. कुणीतरी उसाशातून खाली उतरून तो गाळ काढायचा. विसाव्या शतकात नहरींच्या डोक्यावर घरं झाली, पाये खणले गेले, सांडपाणी मुरलं. माझ्या मते त्या जुन्या होऊन मेल्या नाहीत, बेवारस होऊन मेल्या. शहर आधी खाम नदीवरच्या हर्सूल तलावावर आलं आणि मग गोदावरीवर.

गोदावरीवरच्या धरणाचं नाव जायकवाडी, पण ते जायकवाडीत नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधायचा विचार होता. राज्य बदललं, सर्वेक्षणं पुन्हा झाली, जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठणला सरकली. फायलीवरचं नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी साठवण. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतली गावं आणि काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेरा करतात. आपल्याच आज्याची जमीन वर्षातले काही महिने तळ्याकडून उसनी घेतल्यासारखं.

या तळ्यावर शहर वाढलं. ८ डिसेंबर १९८२ला महानगरपालिका झाली तेव्हा भोवतालची १८ गावं तिच्यात आली, चिकलठाणा त्यातलंच. गावाची ग्रामपंचायत गेली, वॉर्ड आला. आठवडी बाजार राहिला, मारुती राहिला, सुखना राहिली. पण पाण्याचा मालक बदलला. विहिरीचं पाणी आटलं तर ते डोळ्यांना दिसतं. पाइपात पाणी का नाही हे कुणाला तरी विचारावं लागतं.

पाइपही मोजके होते. बरीच वर्षं शहराची भिस्त ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन वाहिन्यांवर होती. जायकवाडीतून उपसा, फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून पुन्हा उपसा, नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाक्या, आणि तिथून पुढे कुठे शेवटी उतार. २०११च्या जनगणनेत शहर ११,७५,११६ माणसांचं झालं होतं. समांतर जलवाहिनी खासगी कंपनीकडून करून घ्यायचा करार २०१६मध्ये मोडला. डिसेंबर २०२०मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. तिची मुख्य वाहिनी २५०० मिलिमीटरची, म्हणजे उंच माणूस आत हात वर करून उभा राहील एवढी.

पंपाचं पाणी विजेला बांधलेलं असतं. पंपगृहातली वीज काही तास गेली की साऱ्या शहराचं वेळापत्रक एका दिवसाने पुढे सरकतं. मग साखरपुडा, पाहुणे, गोधड्या धुणं, सगळं ‘पाण्याचा दिवस’ बघून ठरतं. लाइनमनचा नंबर नगरसेवकाच्या नंबरापेक्षा जास्त फोनांमध्ये सेव्ह असतो. आमच्या शेजारच्या काकू कॅलेंडरवर एकादशीच्या खुणेशेजारी नळाची खूण करतात. त्यांचा अंदाज मी एकदा हौसेने केलेल्या एक्सेलपेक्षा नेहमी बरोबर येतो.

आणि वापरलेलं पाणी? त्याला पंप लागत नाही. खाम नदी शहरातून वाहत जाऊन नाथसागरालाच मिळते. वर यायला वीज, परत जायला उतार.

पैठणला एकनाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. देव श्रीखंड्या नावाने नाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षं गोदावरीतून कावडीने पाणी भरत राहिला, अशी कथा आहे. आपल्या भाषेत एखाद्यापुढे पाणी भरणं म्हणजे हार मान्य करणं, आणि या कथेत ते काम देवाने मागून घेतलेलं. नाथषष्ठीच्या आधी लोक आजही तो रांजण भरायला येतात. नदीपासून वाड्यापर्यंत चढ आहे. मागच्या वर्षी मीही एक घागर नेली. घाटाच्या पायऱ्या चढताना खांदा भरून आला आणि निम्मं पाणी शर्टावर सांडलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गल्लीच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज होता: पाणी सुटलंय, मोटारी लावा.