माहूर : वाघाच्या जाळीशेजारचा मुक्काम

महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही मराठवाड्यात नाही. निलंग्याच्या काळ्या रानातून निघालेल्याला अरण्यालगत मुक्काम करावयाचा असेल, तर त्याने नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या वळणातील माहूर गाठावे. पैनगंगा अभयारण्य याच नदीच्या खोऱ्यात आहे.

या गावाची ख्यातीच मुळी मुक्कामाची. लोकश्रद्धेनुसार दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहूरला येतात. महानुभाव परंपरेत तर ते येथे वाघाच्या वेषात जाळीतून प्रकटले आणि चांगदेव राउळांच्या मस्तकी पंजा ठेवून त्यांनी शक्तिदान केले.

अरण्याने वेढलेल्या याच गडाने राजकारणालाही आसरा दिला. १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड केलेला शहाजहान हत्ती व जड सामान उदारामाच्या हवाली माहुरात ठेवून तेलंगणाकडे सरकला. उदारामाच्याच घराण्यातील सावित्रीबाईंना मोगलांनी किताब दिला तो ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या रानात कोंडल्या गेलेल्या कारतलबखानाला शिवाजी महाराजांना शरण जाण्याचा सल्ला त्यांनीच दिला. रानात सापडणे म्हणजे काय, हे माहूरकर स्त्रीला वेगळे सांगावे लागले नसावे.

वाघाचा पंजा येथे आशीर्वाद ठरला, वाघीण हा किताब ठरला. आजच्या अभयारण्याची सीमा शासनाने आखली. त्या रानाचा मान मात्र माहूरने शतकानुशतके राखला आहे. ती जाळीच तुटली, तर उद्याच्या यात्रेकरूला ही कथा कुठे उभे राहून सांगणार?