वन्यजीव छायाचित्रण
वन्यजीव छायाचित्रण : अरण्य, माळरान, पाणथळ इ. नैसर्गिक अधिवासांत मुक्तपणे वावरणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे घेण्याची कला व तंत्र. प्राणिसंग्रहालयातील किंवा पाळीव प्राण्यांची चित्रे या संज्ञेत येत नाहीत. हे छायाचित्रण शिकारीच्या पोटी जन्मले. लपण, मचाण, आमिष ही त्याची आरंभीची साधने शिकाऱ्यांचीच होत. मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद बंदुकीलाही लागते आणि कॅमेऱ्यालाही, हा निव्वळ योगायोग नव्हे.

कोलोडियन पद्धतीच्या ओल्या काचपट्टीवर प्रकाशनाला बराच वेळ लागत असल्याने हालत्या प्राण्याचे स्पष्ट चित्र मिळणे दुरापास्त होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पाणघोड्याचे १८५२ मधील प्रसिद्ध छायाचित्र तो पहुडलेला असल्यामुळेच साधले. कोरड्या काचपट्ट्या प्रचारात आल्यावर ही अडचण कमी झाली. फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी १८८२ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणाच्या अभ्यासासाठी सेकंदाला बारा चित्रे घेणारे उपकरण बनविले. ते आकाराने बंदुकीसारखेच होते आणि त्याला ‘छायाचित्र-बंदूक’ असेच नाव पडले.

नैसर्गिक अधिवासातील छायाचित्रणाचा पाया इंग्लंडमधील रिचर्ड (१८६२–१९२८) व चेरी (१८७१–१९४०) या कीर्टन बंधूंनी घातला. १८९२ मध्ये त्यांनी पक्ष्याच्या अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पेंढा भरलेल्या बैलाच्या पोकळ कातड्यात दडून त्यांनी पक्षी टिपले. अमेरिकेत जॉर्ज शायरस (१८५९–१९४२) यांनी ओजिब्वा लोकांची होडीच्या नाळेवर दिवा ठेवून रात्री हरणे मारण्याची पद्धत उचलली. मात्र बंदुकीच्या जागी कॅमेरा व मॅग्नेशियमच्या भुकटीचा झोत योजला. त्यांची चित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात आली. जर्मन प्रवासी कार्ल गेओर्ग शिलिंग्स (१८६५–१९२१) यांनी पूर्व आफ्रिकेत सिंहांची रात्रीची चित्रे घेतली. त्यासाठी ते जिवंत गाढव बांधून ठेवीत. चित्रातील सिंह वाचला, गाढव वाचले नाही. ‘सफारी’ ही संज्ञा याच प्रदेशातील स्वाहिली भाषेतून जगभर गेली. तिचे मूळ अरबी ‘सफर’ हे असून तोच शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत कितीतरी आधी रुळला होता.

भारतात या कलेला निश्चित वळण दिले ते संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चँपियन (१८९३–१९७०) यांनी. त्यांना शिकारीचा तिटकारा होता. जंगलातील पायवाटेवर तार ताणून ती कॅमेऱ्याला व झोताला जोडावयाची आणि वाघाच्या पावलानेच चित्र निघू द्यावयाचे, अशी त्यांची रीत होती. या चित्रांवरून त्यांनी वाघावाघांच्या पट्ट्यांची ठेवण निरनिराळी असते आणि तीवरून वाघ ओळखता येतो, हे दाखवून दिले. या निरीक्षणाचे मोल पुढे अनेक दशकांनी कळले. त्यांचा व्याघ्रछायाचित्रणावरील ग्रंथ १९२७ मध्ये निघाला. त्यांच्याच प्रभावाने जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने छायाचित्राला शास्त्रीय नोंदीची प्रतिष्ठा दिली. सिंगापूरचे लोक वान थो (१९१५–६४) यांनी सालिम अली (१८९६–१९८७) यांच्याबरोबर फिरून भारतीय पक्ष्यांची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली. ई. पी. जी (१९०४–६८) व एम. कृष्णन (१९१२–९६) यांची नावेही या संदर्भात महत्त्वाची आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने शिकारीची वाट जवळजवळ बंद केली आणि छायाचित्रणाला मान्यता दिली. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या प्रयोजनांसाठी देता येतो, त्यांत कलम २८ अन्वये छायाचित्रणाचा उल्लेख आहे. परंतु याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना व्यत्यय आणणे हेही मोडते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कीर्टन बंधूंनी ज्या प्रकारच्या चित्राने या कलेचा आरंभ केला, ते चित्र घेताना पक्षी अंड्यांवरून उठला, तर भारतीय कायद्याच्या दृष्टीने ती शिकार ठरू शकते. अनेक स्पर्धांत घरट्यांची छायाचित्रे आता स्वीकारली जात नाहीत, हे योग्यच होय.

महाराष्ट्रात ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले आणि मेळघाटाचा समावेश १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पात आरंभीच झाला. मचाणावर रात्र काढण्याची जुनी चाल मागे पडून ठराविक प्रवेशद्वारे, ठराविक रस्ते, उघडी जिप्सी व सोबत वाटाड्या अशी सफारीची घडी बसली. अंकीय कॅमेरे व हलकी टेलिफोटो भिंगे आल्यावर छायाचित्रकारांची संख्या झपाट्याने वाढली. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटन तात्पुरते थांबविले. नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते १६ ऑक्टोबर रोजी पुन्हा सुरू झाले. प्राण्यापासून किमान २० मी. अंतर राखणे, त्याला न घेरणे व आमिष न दाखविणे ही बंधने त्यांत होती. तथापि ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे बछडे पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविले. त्या प्रसंगाची दृश्ये प्रसृत झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. हाक्याची शिकार कायद्याने संपली होती; तिची रचना मात्र येथे वाहनांनी पुन्हा उभी केली. अपराधाचा पुरावाही कॅमेऱ्यानेच पुरविला, हे विशेष.

वाहनाविना होणाऱ्या छायाचित्रणाचे उदाहरण मराठवाड्यात आढळते. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) बिडकीनमार्गे पैठणला जाणारा रस्ता गोदावरीवरील नाथसागराकडे जातो. जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले आणि जलाशयाचा परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला (क्षेत्रफळ सु. ३४१ चौ.किमी.). जलाशय उथळ आहे. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की काठची दलदल उघडी पडते, शेतकरी तेथे गाळपेर करतात आणि रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, कांड्या करकोचे इ. पक्षी चरण्यास उतरतात. सपाट काठावर आडोसा नसल्याने छायाचित्रकाराला चिखलात पालथे पडून सरकावे लागते, नाहीतर दूर थांबावे लागते. रोहितांचा थवा उडतानाचे चित्र लोकप्रिय आहे खरे. पण ते मिळावे म्हणून थवा उठविला, तर दूरच्या प्रवासाला लागणारी पक्ष्यांची शक्ती वाया जाते आणि चरण्याचा वेळ बुडतो. चरत्या पक्ष्याचे साधे चित्र अभ्यासकाला अधिक सांगते.

बिडकीनभोवतालची बरीच शेतजमीन दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील औद्योगिक नगरासाठी संपादित झाली आहे. भूमीचा असा पालट होत असता स्थळ व दिनांक नोंदलेले जुने छायाचित्र हा तेथील जीवसृष्टीचा पुरावा ठरतो. नोंद नसलेले चित्र कितीही देखणे असले, तरी या कामी निरुपयोगी असते. याउलट, विणीचे स्थळ तत्काळ जाहीर केल्यास तेथे गर्दी लोटते. म्हणून नोंद ठेवावी, पण विणीच्या जागेचा पत्ता लागलीच उघड करू नये, हा संकेत पाळणे इष्ट आहे.

चँपियन यांच्या तारेची जागा प्राण्याच्या हालचालीने व देहाच्या उष्णतेने कार्यान्वित होणाऱ्या कॅमेरा ट्रॅपने घेतली. कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची रीत विकसित केली. ठशांवरून होणारी जुनी गणना त्यामुळे मागे पडली. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेल्या ३,४८,५८,६२३ चित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती. नाथसागर ज्या जिल्ह्याच्या दक्षिणेस आहे, त्याच्याच उत्तर भागात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. मार्च २०२१ मध्ये तेथील कॅमेरा ट्रॅपमध्ये अनेक दशकांनंतर प्रथमच वाघाचे चित्र आले. पट्टे ताडून पाहता तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून सु. ३३० किमी. चालून आल्याचे निष्पन्न झाले. ते चित्र निघाले, तेव्हा त्या ठिकाणी एकही माणूस नव्हता.