पिवळ्या पाटीचा इतिहास : एसटीडी, आयएसडी, पीसीओ

१/ आपल्या शहरांत डिजिटल युग केव्हा अवतरले, असे विचारले तर बहुतेक जण स्मार्टफोनचे नाव घेतील. परंतु त्याच्या कितीतरी आधी नाक्यानाक्यावर काचेची एक अरुंद खोली उभी राहिली होती. तिच्यावरच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेले असे : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. हा धागा त्या खोलीविषयी.

२/ १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घरी टेलिफोन येण्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. अनेकांच्या कार्डावर शेजाऱ्याचाच क्रमांक असे आणि त्यापुढे ‘पी.पी.’ ही अक्षरे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसायचे. घाई असणाऱ्याने ‘अर्जंट’ किंवा ‘लाइटनिंग’चा चढा दर मोजायचा.

३/ वास्तविक एसटीडी सेवा १९६० मध्येच कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली होती. पण ती उपयोगाची कोणाला? ज्याच्या घरी टेलिफोन, त्याला.

४/ ऑगस्ट १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा तिच्या उभारणीतील प्रमुख व्यक्ती. वातानुकूलनावाचून, उष्ण हवेतही चालणारी छोटी डिजिटल एक्स्चेंजेस देशातच घडवणे हे तिचे काम. त्याच सुमारास सार्वजनिक टेलिफोन केंद्रांचा परवाना सामान्य दुकानदाराला मिळू लागला.

५/ या केंद्राचा प्राण म्हणजे मीटर. बोलत असतानाच लाल आकडे पुढे सरकत, शेवटी छापील पावती हाती येई. त्यामुळे परगावचा कॉल किराणा मालासारखा सुटा विकता येऊ लागला. घरी टेलिफोन नसणे हा आता अडथळा राहिला नाही.

६/ दरपत्रकाने शहराची रात्रही बदलली. रात्री उशिरा दर एक चतुर्थांशावर येत. म्हणून वसतिगृहातले विद्यार्थी आणि गावाकडे कुटुंब ठेवून आलेले कामगार तेव्हाच रांगा लावत. खुशाली विचारायची ती लाल आकड्यांवर नजर ठेवून, आणि मागच्या माणसाच्या कानावर पडेल अशीच.

७/ परवाने देताना दिव्यांगांना प्राधान्य असे. एका जागी बसून, प्रत्येक कॉलमागे कमिशन मिळवून संसार चालवता येईल, असा हा व्यवसाय होता.

८/ ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. पण तेव्हा मोबाइलवर कॉल घेणाऱ्यालाही पैसे पडत, त्यामुळे केंद्रे वाढतच राहिली. १ मे २००३ पासून ‘इनकमिंग’ मोफत झाले, पुढे कॉलचे दर घसरत गेले आणि काही वर्षांतच रांगा विरल्या.

९/ खाजगीपणा लाभला, रात्रीची वाट पाहणे संपले. हा लाभ मोठाच. मात्र त्याची किंमत काचेपलीकडे मीटरजवळ बसलेल्या माणसाने मोजली. कोणी रिचार्ज विकू लागले, कोणी झेरॉक्सचे यंत्र आणले, कोणी शटर ओढून घेतले.

१०/ तुमच्या नाक्यावर अशी पाटी अद्याप उरली असेल, तर तिचे छायाचित्र घेऊन ठेवा. केंद्र चालवणारे भेटले तर त्यांच्याशी बोला. जुनी दरपत्रके, पावत्या मागून घ्या. पावत्यांची शाई उडत चालली आहे, आणि शहराच्या त्या रात्रींचे दुसरे दप्तर कोणी ठेवलेले नाही.