धांवत्या खेळांचीं साधनें : येलदरी परिसराच्या निमित्तानें

(१)

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून परभणी जिल्ह्यांत गोदावरीस मिळते. तिच्या कांठीं जिंतूर तालुक्यांत येलदरी हें गांव आहे. चारठाण्याचीं प्राचीन देवळें आणि जिंतुराजवळील नेमगिरीचीं जैन लेणीं याच तालुक्यांत असल्यामुळें पुराणवस्तूंच्या शोधकांस हा टापू अपरिचित नाहीं. सामान्य वाचकास मात्र येलदरीचें नांव इ. स. १९६८ मध्यें पूर्ण झालेल्या धरणामुळें ठाऊक असतें. त्या जलाशयानें पूर्णेच्या कांठची जमीन व तिचें वाळवंट पाण्याखालीं घेतलें. अशा प्रसंगीं मूर्ति, शिलालेख, वीरगळ यांची चौकशी होते. आणि ती झालीच पाहिजे. परंतु ज्या वाळवंटांत व गांवठाणाच्या मोकळ्या जागेंत पिढ्यान्‌पिढ्या मुलें, बायका व बाप्ये खेळत आले, त्या खेळांचें टिपण करावें असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. त्या उपेक्षित विषयाच्या साधनांचा विचार येथें करावयाचा आहे.

बैठ्या खेळांच्या इतिहासकारास साधनांचा तुटवडा नाहीं. सोंगट्यांचे पट, गंजिफांचे संच, बुद्धिबळांचीं मोहरीं संग्रहालयांतून जपलेलीं आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तीं पाहावयास मिळतात. लेण्यांच्या व देवळांच्या फरसबंदीवर कोरलेले पटहि कितीएक ठिकाणीं दिसतात. धांवत्या खेळांची गोष्ट निराळी. हुतूतूस दम लागतो, आट्यापाट्यांस मातींत ओढलेल्या रेघा लागतात, फुगडीस दुसऱ्याचे हात लागतात. खेळ संपला कीं रेघ पुसते व हात सुटतात. दप्तरांत ठेवण्याजोगें कांहीं उरत नाहीं. म्हणून या खेळांचा पुरावा ग्रंथांत, अभंगांत, शब्दांत आणि सणावारांत शोधावा लागतो.

तसा शोध घेतला असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. महाराष्ट्रांत धांवता खेळ केवळ मुलांच्या हौशीवर सोडलेला नव्हता. सण, यात्रा व भजन यांच्याशीं त्याची गांठ घातलेली असल्यामुळें घरांतील मूल, सासुरवाशीण आणि म्हातारा यांपैकीं प्रत्येकास वर्षांतून कांहीं दिवस तरी मोकळेपणानें अंग हलविण्याची संधि ठरलेली असे. या विधानाचीं प्रमाणें क्रमानें पाहूं.

(२)

पहिलें प्रमाण राजदरबारचें आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. सध्यांचा मराठवाडा त्या घराण्याच्या राज्यांत मोडत असे. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति अशी या ग्रंथाची रचना असून गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं त्याचे तीन खंड संपादिले; ते अनुक्रमें १९२५, १९३९ व १९६१ या सालीं निघाले. त्यांतील मराठी पद्यपंक्तींमुळें भाषेच्या अभ्यासकांनीं हा ग्रंथ पुष्कळ चाळला आहे. खेळांच्या दृष्टीनें तो तितका चाळला गेलेला नाहीं.

विनोदविंशतींत मल्लविनोदाचें विस्तृत वर्णन आहे. क्रीडाविंशतींत चतुरंग, पाशक, वराटक म्हणजे कवड्या, हे बैठे खेळ येतात. पण त्यांच्याच पंक्तीस आंदोलनक्रीडा, तोयक्रीडा, वालुकाक्रीडा, ज्योत्स्नाक्रीडा याहि बसविल्या आहेत. झोंका, पाणी, वाळू आणि चांदणें! यांपैकीं एकाहि गोष्टीस राजाचा खजिना लागत नाहीं. ग्रंथकर्त्यानें वर्णिलेला थाट अर्थात् राजवाड्याचा आहे. त्यावरून खेड्यांतील लोक काय खेळत हें सिद्ध होत नाहीं. तथापि शहाण्या राजानें आपल्या दिनचर्येंत बैठ्या खेळांच्या बरोबरीनें हालचालीच्या खेळांस नेमून जागा दिली पाहिजे, हा विचार बाराव्या शतकांत येथें रूढ होता, इतकें त्यावरून निश्चित म्हणतां येतें.

(३)

खेड्यांतील लोकांच्या खेळांचें प्रमाण संतवाङ्मयांत सांपडतें. महानुभावांच्या ‘ऋद्धिपुरचरित्रां’त गोविंदप्रभु गांवांतल्या पोरांत मिसळून खेळत असल्याचे प्रसंग आहेत. पुढें एकनाथांच्या भारुडांत फुगडी, पिंगा, हुतूतू हे खेळ आले. तुकोबांच्या गाथेंत तर फुगडी, हमामा, हुंबरी, टिपरी, विटूदांडू, चेंडूफळी, सुतुतू, मृदंगपाट्या अशा खेळांच्या नांवांखालीं अभंगांचे गटच पाडलेले आहेत. इ. स. १८६९ ते १८७३ या काळांत सरकारी आश्रयानें निघालेली गाथेची मुंबईची आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं हे मथळे एकवार या दृष्टीनें पाहावे.

येथें एक आक्षेप येईल. हे अभंग परमार्थपर आहेत. खेळ हें केवळ रूपक. मग त्यांचा ऐतिहासिक पुरावा कसा धरावयाचा? उत्तर असें कीं, रूपक श्रोत्यास ठाऊक असलेल्या गोष्टीवरच उभें राहतें. गडी बाद होणें म्हणजे काय, दम तुटणें म्हणजे काय, हें कीर्तनास बसलेल्या कुणब्यास, शिंप्यास व त्यांच्या बायकांस अनुभवानें ठाऊक असल्यावांचून त्यावरील उपदेश त्यांच्या अंतःकरणांत उतरला नसता. म्हणून खेळाच्या नियमांविषयीं या अभंगांची साक्ष अपुरी असली तरी त्याच्या प्रसाराविषयीं ती भक्कम आहे. शिवाय कीर्तनास येणारा श्रोतृवर्ग मुख्यतः प्रौढ असतो; तेव्हां हे खेळ प्रौढांच्याहि अंगवळणीं पडलेले होते असें मानण्यास हरकत नाहीं.

या प्रदेशाचा येथें विशेष अधिकार आहे. नामदेवांचें नरसी गांव पूर्वीं परभणी जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें तिकडे गेलें. जनाबाईचें गंगाखेड परभणींतच आहे. शेगांवची गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना नरसी, परभणी, गंगाखेड या वाटेनेंच जाते. दिंडींत टाळकऱ्यांची पावली चालते, मुक्कामीं फुगडी घातली जाते. आणि साठी उलटलेला वारकरी तरण्या पोराचे हात धरून गिरकी घेतो त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. घरीं हेंच केलें तर लोक हंसतील. वारीनें त्या खेळास प्रतिष्ठा दिली आहे.

(४)

तिसरें प्रमाण शब्दांचें, आणि जुन्या कागदांच्या वाचकांस तें अधिक गोड वाटेल. विटीदांडूंत दांडूनें अंतर मोजतांना मुलें ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे शब्द म्हणत. मराठींत त्यांचा अर्थ लागत नाहीं. परंतु तेलुगूंत एकास ‘ओकटि’, दोहोंस ‘रेंडु’, तिहींस ‘मूडु’ व चोहोंस ‘नालुगु’ म्हणतात, हें पाहिलें म्हणजे कोडें सुटतें. मराठी मुलगा दांडूनें अंतर मोजीत असतां नकळत तेलुगू आंकडे म्हणत होता.

परभणी जिल्हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत तेलंगणाशीं एकत्र नांदत होता. त्यामुळें हे शब्द त्या संबंधानें आले असावेत असा तर्क सहज सुचतो. पण तो टिकत नाहीं. हेच शब्द निजामी अंमलाबाहेरच्या देशावर व कोंकणांतहि प्रचारांत होते. तेव्हां हा संबंध निजामशाहीच्या सीमांहून विस्तृत व तिच्याहून जुना आहे. बाजारांत, जमाखर्चांत व शाळेंत मराठी आंकड्यांचें राज्य निर्वेध चाललें असतां मुलांच्या तोंडीं परके आंकडे तसेच राहिले. कारण खेळाचें शिक्षण पंतोजीकडून न होता मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जात असे व तेथें दुरुस्ती करणारा कोणी नव्हता.

‘लोण’ हा शब्दहि असाच बोलका आहे. आट्यापाट्यांत सर्व पाट्या ओलांडून परत येणाऱ्याचें लोण होतें. लोण म्हणजे मीठ. राखणदार चुकवून मीठ पळविण्याच्या कल्पनेशीं या खेळाचा संबंध जोडतात. त्याच खेळांतील एका गड्यास ‘मृदंग’ म्हणत, आणि तुकोबांच्या ‘मृदंगपाट्यां’चा उलगडा त्यावरून होतो. आज देशोदेशींच्या कबड्डीच्या सामन्यांत सगळा पक्ष बाद झाला म्हणजे ‘लोना’ पुकारतात. तो शब्द आमच्या मातींतला आहे.

(५)

चौथें व सर्वांत महत्त्वाचें प्रमाण पंचांगाचें. मराठवाड्यांत नागपंचमीस लेकी माहेरीं येतात. झाडास झोंके बांधले जातात, अंगणांत फेर धरला जातो, फुगड्या रंगतात. मानसोल्लासांतील आंदोलनक्रीडा व हा पंचमीचा झोंका यांत आठ नऊ शतकांचें अंतर असलें तरी खेळ एकच. श्रावणांतल्या मंगळागौरीस झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा यांनीं रात्र जागवितात. गोकुळअष्टमीस काला व दहीहंडी. आश्विनांत कांहीं भागांत हादगा अथवा भोंडला. पेरणीची धांदल ओसरल्यानंतर व सुगी लागण्यापूर्वींच्या दिवसांत हे खेळ दाटीनें येतात, हें शेतकऱ्याच्या वर्षाकडे पाहतां सहज समजतें.

बायकांच्या खेळांची घडण बारकाईनें पाहण्याजोगी आहे. दळण, कांडण, पाणी भरणें यांत त्यांस कष्ट पुष्कळ होते. पण ते एकाच ठरीव चालीचे व वांकलेल्या पाठीचे. खेळांत गिरकी, उडी, उकिडवें बसून पुढें सरकणें, टाळी देऊन वळणें अशा निराळ्या हालचाली येतात. फुगडी एकटीस घालतां येत नाहीं. दोघींनीं मागें तोल टाकून परस्परांस सांवरावें लागतें. त्यामुळें आत्या व भाची, जावा जावा, प्रसंगीं सासू व सून यांचीहि जोडी जमते. गाणें चालू आहे तोंवर खेळ चालू. म्हणजे गाणें हेंच घड्याळ. फुगडींतील पकवा आणि हुतूतूंतील दम या दोहोंत श्वासाचीच परीक्षा असते. औषधाच्या बाटलीवर जशी मात्रा लिहितात तशी येथें ती गाण्यांत बांधून दिली होती.

या व्यवस्थेचें दुसरें अंगहि सांगितलें पाहिजे. मंगळागौर हें सौभाग्याचें व्रत. विधवेस तेथें स्थान नव्हतें. जातीजातींची अंगणें वेगळीं होतीं. सर्व घर खेळे, पण सगळें गांव एकत्र खेळत होतें असें नाहीं. वारीचा अपवाद म्हणूनच मोलाचा.

(६)

विसाव्या शतकांत खेळ अंगणांतून मैदानावर आला. अनंत बाबाजी देवधर यांचें मराठी खेळांचें पुस्तक १९०५ सालीं निघालें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधण्याचें काम हातीं घेतलें. त्याच सालीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें व १९३६ सालीं त्या मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. बडोद्यास करंदीकर मुजुमदार यांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. निजामी मुलखांत मात्र त्या काळीं खाजगी आखाडा काढावयाचा तर सरकारी परवानगी लागे. त्यामुळें पुण्याबडोद्याकडे छापील नियम तयार होत असतां पूर्णाखोऱ्यांत खेळ मुख्यतः सणांच्याच आधारावर टिकले असले पाहिजेत. पुराव्याच्या दृष्टीनें हा प्रदेश म्हणूनच महत्त्वाचा. नियमबद्ध होण्यापूर्वींचें खेळाचें रूप येथें अधिक काळ राहण्यास जागा होती.

नियमबद्धतेनें मोठा लाभ झाला यांत संशय नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेल्या पहिल्या खोखो विश्वचषकांत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. त्यांचे नायक प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेहि महाराष्ट्राचे. परंतु लाभाबरोबर एक तोटा झाला तोहि इतिहासानें नोंदला पाहिजे. मैदानावर वय, गट व संघ ठरले. खेळणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ झाले. आत्या व भाचीची जोडी सुटली. इकडे जातें गेलें, आडावरचें पाणी नळास आलें आणि कष्ट कमी झाले तसें अंगाचें चलनवलनहि कमी झालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें व प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें शारीरिक हालचाल सांगितली आहे. शाळांतून मुलांस पुन्हा देशी खेळांकडे वळविण्याचे प्रयत्न चालले आहेत. ते स्तुत्य होत. पण वरील प्रमाणांवरून असें दिसतें कीं, मुलास एकट्यास मैदानावर धाडल्यानें जुनी व्यवस्था परत येत नाहीं. तिचें मर्म घरानें मिळून खेळण्यांत व त्यासाठीं दिवस राखून ठेवण्यांत होतें.

(७)

शेवटीं संग्राहकांस विनंति. जुन्या बाडांत रामदासी पदांच्या व आरत्यांच्या मागेंपुढें बायकांचीं गाणीं, फेराचीं पदें, उखाणे उतरलेले असतात. सूची करितांना ‘किरकोळ’ म्हणून तीं सोडलीं जातात. तीं सोडूं नयेत. गाथेच्या हस्तलिखितांत खेळांचे मथळे कोणत्या क्रमानें व कोणत्या नांवानें येतात, त्यांचे पाठभेद टिपावे. विटीदांडूचे आंकडे गांवोगांवीं कसे बदलतात याचें कोष्टक करावें. तेलुगू सीमेपासून पश्चिमेकडे जातांना त्यांत काय फरक पडतो हें त्यावरून कळेल.

आणि येलदरीसारख्या ठिकाणीं हें काम विशेष निकडीचें आहे. धरणांत जमिनी गेल्या म्हणजे माणसें उठतात व दूरदूरच्या गांवीं बसतात. देऊळ हलविण्यापूर्वीं त्याच्या दगडांवर आंकडे घालतां येतात. फेराचें गाणें मात्र तें म्हणणारीबरोबर जातें. ज्या बायकांनीं पूर्णेच्या जुन्या कांठावर पंचमीचा झोंका घेतला त्या आतां वृद्ध आहेत. त्यांच्या तोंडून गाणें उतरून घेतांना केवळ शब्द घेऊं नयेत. कोणत्या चरणास पाऊल वळतें, कोठें टाळी, कोठें गिरकी, एका खेळांत किती जणी व कोणत्या नात्याच्या, हेंहि लिहावें. असें एक पूर्ण टिपण एखाद्या ताम्रपटाइतक्याच आदरानें आपल्या संग्रहांत ठेवण्याच्या योग्यतेचें होय.