रोग्याचा प्राण व दांपत्याचें सुख

पुरुषाच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीस कर्करोग झाला असतां ती समूळ काढण्याची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत ह्यू हॅम्प्टन यंग यांनीं १९०४ सालीं घालून दिली. रोगी वांचे, परंतु शरीरसंबंधाची शक्ति बहुधा जाई. १९४१ सालीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं हा रोग वृषणांच्या अंतःस्रावावर पोसतो असें दाखविलें. तो स्राव बंद केला कीं रोग मागें हटे, पण कामेच्छाही मावळे. या शोधाबद्दल हगिन्स यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दोन्ही उपायांत प्राणाचें मोल म्हणून जें द्यावें लागे, त्यांतील अर्धें पत्नीच्या पदरचें होतें. पण तिला विचारतो कोण?

१९८१ सालीं लायडन येथें पीटर डॉन्कर व पॅट्रिक वॉल्श यांस आढळलें कीं, लिंगोत्थानाच्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात. २६ एप्रिल १९८२ रोजीं वॉल्श यांनीं त्या हेतुपुरस्सर राखून शस्त्रक्रिया केली. अटळ मानलेली हानि पुष्कळ अंशीं अज्ञानाची होती!

तथापि नसा प्रत्येक वेळीं राखतां येत नाहींत, आणि राखल्या तरी दुरावा टळतोच असें नाहीं. पति लाजेनें दूर राहतो. पत्नी त्यास दुःख होऊं नये म्हणून गप्प बसते. आणि तिच्या मौनास तो उपेक्षा समजतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच वैद्यानें उभयतांस समोर बसवून ही हानि स्पष्ट सांगावी, असें आम्हांस वाटतें. स्पर्श व सहवास त्या शक्तीवांचूनही उरतात; मात्र तें एकमेकांस बोलून दाखवावें लागतें.