पवनी : नांदत्या वस्तीखालचे नगर

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेईबरोबर हर्क्युलेनियम हे रोमन नगरही गाडले गेले. पुढे त्यावर रेसिना नावाचे गाव वसले. तेथे विहीर खणताना प्राचीन नाट्यगृहाचा संगमरवर लागला आणि १७३८ पासून बोगदे खणून शोध सुरू झाला. पॉम्पेईवर बहुतांशी शेते होती, म्हणून ते पुष्कळसे मोकळे करता आले; हर्क्युलेनियमचा मोठा भाग आजही घरांखालीच आहे. १९६९ मध्ये रेसिनाने त्या नगराचेच नाव घेतले : एर्कोलानो.

योगायोग असा की, १९६९-७० मध्येच आपल्या वैनगंगेकाठीही अशाच एका गावात उत्खनन झाले. ब्रह्मपुरीच्या वायव्येस, भंडारा जिल्ह्यातील पवनी. तीन बाजूंना प्राचीन तट व खंदक, चौथ्या बाजूस नदी आणि आत नांदती वस्ती.

नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडी व चांडकापूरची टेकडी खणली. दोन्हींच्या पोटात बौद्ध स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचा व्यास सुमारे ४१ मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा सुमारे ३६. शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे, ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांतला एक नाग नावाचा, पाचही निकाय जाणणारा. महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. शकांची ही पदवी इतक्या पूर्वेस वाचताना मी तरी थबकलो.

एवढा स्तूप उभारायला विटा, दगड, कारागीर आणि दाते लागतात. म्हणजे शेजारी संपन्न नगर हवेच, आणि ते तटाच्या आत आहे. १९९४ मध्ये अमरेन्द्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले. पण राहत्या घराखाली चर घेता येत नाही. टेकड्या मोकळ्या होत्या, म्हणून पवनीच्या इतिहासात स्तूप ठळक दिसतो आणि बाजारपेठ, गल्ल्या, चुली मागे राहतात.

या घरांना अतिक्रमण म्हणून हिणवणे मला पटत नाही. नदीकाठची उंच, सुरक्षित जागा ज्या कारणाने पूर्वी निवडली गेली, त्याच कारणाने ती पुढेही वसती राहिली. खरा धोका पायाभरणीचा आहे. जुन्या मातीच्या घराचा पाया उथळ असे. सिमेंटच्या खांबांसाठीचा खड्डा थेट प्राचीन थरांत उतरतो. त्यातून निघालेले नाणे संग्रहालयात पोहोचले, तरी ते कोणत्या थरात, कोणत्या भिंतीलगत, कोणत्या मडक्यांसोबत होते, ही नोंद माती उपसतानाच नाहीशी होते. पाया खणण्याआधी एखाद्या अभ्यासकाला दोन दिवस तो खड्डा पाहू देणे, एवढे तरी नगरपरिषदेला करता येईल.