संडासाचा नकाशा आणि रांगेतली बाई



जो नकाशा काढतो तो ती वास्तू वापरतोच असे नाही. मग वापरणाऱ्याची माहिती त्याला द्यावी कोणी? पुण्याला या कामाची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे या शहरातील कुटुंबांची पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. कष्टकऱ्यांचे उत्पन्न, धंदा, घर हे सारे त्यामुळे कागदावर आले.

परंतु मोजणीत सर्वच मावत नाही. सार्वजनिक संडासांचेच पाहा. आम्ही युनियनवाले अर्जात काय लिहीत असू? ‘इतक्या माणसांमागे इतके संडास हवेत.’ बस्स. रांगेतल्या बाईला मी स्वतः कधी काही विचारले नाही, याची मला आज लाज वाटते.

१९९९ साली महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांत संडास बांधण्याचे व सांभाळण्याचे काम स्वयंसेवी संस्थांना देऊ केले. त्यांत ‘स्पार्क’ होती, आणि तिच्याबरोबर ‘महिला मिलन’च्या वस्तीतल्याच बायका. काहींनी तर बांधकामाचे ठेकेही सांभाळले.

या बायकांना ठाऊक होते की, रांगेत मुलांना मागे ढकलतात; मोठ्यांच्या भांड्यात पडू, या भीतीने ती उघड्यावरच बसतात. म्हणून मुलांसाठी निराळे संडास झाले: भोक लहान, धरायला दांडी. बायकांची व पुरुषांची दारे वेगळी झाली. उजेड आला, वारा आला, पाण्याच्या मोठ्या टाक्या आल्या. राखणदाराच्या कुटुंबाकरिता खोलीही ठेवली. खोली दिली म्हणून त्याचा पगार कमी, हा हिशेब मात्र मला कामगारांचा माणूस म्हणून पटत नाही. त्या राखणदारालाही कोणी विचारायला हवे होते!

सर्व संस्थांनी मिळून दोनेक वर्षांत चारशेहून अधिक संडास-इमारती उभ्या केल्या. आकडा मोठाच आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती लहान मुलाच्या हाताला लागणारी दांडी. कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. ती माहिती आईजवळ होती, आणि या वेळी आईला नकाशाजवळ बसवले होते.

तेव्हा इंजिनियर मित्रांना माझी विनंती एवढीच: तक्ते जरूर वाचा, पण पेन्सिल उचलण्यापूर्वी एक सकाळ त्या रांगेत उभे राहा. आणि आम्ही पुढाऱ्यांनीही तुमच्या मागे उभे राहावे.